आजीचं आत्मचरित्र छापून देणाऱ्या सर्व्हिसचा अनुभव (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

सुरुवातीलाच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर तिथली माणसं वाईट नाहीत आणि दुसरं म्हणजे अशा सर्व्हिस आता बऱ्याच निघाल्यात, घरी येऊन आजीआजोबांची मुलाखत घेतात, त्याचं पुस्तक करून देतात, फोटोबिटो घालून, त्यामुळे आमच्या बाबतीत जे झालं ते कुठेही होऊ शकतं. नाव कळण्यापेक्षा पैसे द्यायच्या आधी काय विचारायचं ते कळलं तर जास्त कामाचं. मी ते विचारलं नव्हतं.

तर झालं असं की आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आमच्याकडे अशा वेळी साडी, चांदीचं काहीतरी आणि हॉलमध्ये जेवण एवढं ठरलेलं असतं पण अमेरिकेतला काका म्हणाला की आईला वस्तू नको, तिच्या आयुष्याचं पुस्तक करूया, खर्च मी करतो. कल्पना सगळ्यांनाच आवडली. मलाच सगळ्यात जास्त, कारण आजी गोष्टी सांगते त्या मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी मनात येतं हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे मी नसते.

पॅकेज असं होतं: दीड दीड तासाच्या चार बैठका घरी येऊन, त्याचं लिखाण, एकदा करेक्शनला ड्राफ्ट, मग 112 पानांचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक, 25 प्रती, 30 फोटो स्कॅन करून. सगळे टॅक्स धरून 42,000. माहितीपत्रकात लिहिलेलं की अमेरिकेतल्या स्टोरीकोरच्या धर्तीवर. ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर शोधलं, त्याच्याबद्दल खाली लिहिते कारण तिथेच सगळी गंमत आहे.

आधी चांगलं सांगते. मुलाखत घ्यायला जी मुलगी आली ती कमाल होती. वय असेल पंचवीस, आल्या आल्या आजीच्या पाया पडली, पंखा बंद करू का विचारलं, खिडकी लावली, आणि दहा मिनिटं नुसती स्वयंपाकघरात बसून आजीशी मसाल्याच्या डब्याबद्दल बोलत होती. रेकॉर्डर कधी चालू केला आम्हाला कळलंही नाही, म्हणजे विचारून केला पण आजी विसरून गेली. आणि प्रश्न! आपण काय विचारतो, आजी तुझं बालपण कसं होतं, मग आजी म्हणते छान होतं, संपलं. ही विचारायची, आजी, सकाळी उठल्यावर पाय कुठे पडायचा, शेणाच्या जमिनीवर की फरशीवर? मग आजी सुटायची. तुम्हाला पहिल्यांदा स्वतःचे पैसे कधी मिळाले, ते कुठे ठेवलेत? आजी दोन मिनिटं गप्प. आणि ही पोरगीसुद्धा गप्प! मी दाराशी उभी होते, मला राहवेना, मी तोंड उघडणार तर तिने हाताने थांब केलं. आणि मग आजी बोलली. उषाचं सेकंडहँड मशीन, शेजारणीचा पहिला ब्लाउज, आठ आणे शिलाई (पन्नास पैसे म्हणत नाही ती, अजून आठ आणेच), आणि ते आठ आणे तिने देवाच्या फोटोमागे ठेवले कारण तिथे सासूबाई हात लावायच्या नाहीत. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या बाबांनासुद्धा नाही.

एक गोष्ट मला तेव्हा लक्षात आली की परक्या माणसाला आजी जास्त सांगते. मी विचारलं की ती म्हणते अगं तुला माहितीये की. आणि मला अर्धवट माहीत असतं. त्या मुलीला काहीच माहीत नव्हतं म्हणून तिला मुळापासून सांगावं लागलं, वाडा कुठे होता, मोरी कुठे होती, पाणी कोण भरायचं, सगळं.

दुसरी बैठक पूर्ण पुराची झाली. पुण्यातल्या जुन्या माणसांना नुसतं पूर म्हटलं की पुरतं, कुठला ते सांगावं लागत नाही. 12 जुलै 1961, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि मग त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न होऊन चौदा महिने, नारायण पेठेत नदीच्या अंगाला वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने. ती जे दीड तास बोलली ना, मी आयुष्यात असं काही ऐकलेलं नाही. रडत नव्हती, नुसतं सांगत होती. म्हणाली, पाणी आलं म्हणजे काय, पाणी नंतर दिसलं गं, आधी वास आला, चिखलाचा आणि रॉकेलचा. म्हणाली सासूबाईंनी देव उचलले आणि मी पिठाचा डबा उचलला, आणि मनात म्हटलं देव काय खायला घालणार आहेत का आता. वर्षभरात पहिल्यांदा मी सासूबाईंना म्हटलं की चला, तुम्ही चला आधी, आणि त्या माझ्या मागून आल्या. माझ्या मागून! हे ती दोनदा म्हणाली. पूर तिच्या दृष्टीने हा होता, की सासू सुनेच्या मागून चालली.

मग पर्वतीच्या बाजूला नातेवाइकांकडे आठ दिवस, एका खोलीत चौदा माणसं, दुसऱ्या कुणाचं तरी परकर-पोलकं घालून रांगेत उभं राहिलेलं धान्यासाठी, परत आल्यावर वाड्याची एक भिंत बसलेली, गुडघाभर गाळ आणि त्या गाळात तिला स्वतःच्या लग्नातलं एक भांडं सापडलं, ते दुसऱ्याच्या अंगणात. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या घरांत जागा मिळाली आणि आमचं सगळं खानदान तिकडचंच झालं.

तर हे सगळं आम्ही ऐकलं, डोळे पुसले, चहा झाला, मुलगी गेली. आम्हाला वाटलं काम झालं.

आता पुस्तक.

ड्राफ्ट आला दीड महिन्याने आणि मी पहिल्यांदा वाचताना हसून पडले. उघड होतं की रेकॉर्डिंग आधी कुठल्यातरी सॉफ्टवेअरला घातलंय आणि त्याने जे टाइप केलं त्यावर कुणीतरी घाईघाईत हात फिरवलाय. पान 31, "त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बॉम्ब पेटवला होता." बंब हो! अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब! माझी आजी नारायण पेठेत रोज सकाळी बॉम्ब पेटवत होती. पुढे शिवणकामात "रात्री जागून मी काजू करत असे", तर ती काजं, ब्लाउजची काजं-बटणं. हे आम्ही सगळं दुरुस्त करून पाठवलं, घरच्या ग्रुपवर दोन दिवस बॉम्बवरून दंगा चालला होता, आजीलाही सांगितलं तर ती पण हसली.

पण एक चूक आम्ही कुणीच पकडली नाही आणि ती तशीच छापली गेली. आजी म्हणालेली, माजघरात (म्हणजे घरातली मधली खोली) पाणी शिरलं. पुस्तकात आलंय, माझ्या घरात पाणी शिरलं. वाचताना काहीच खटकत नाही ना? मलाही नाही खटकलं. छापून आल्यावर आजीनेच सांगितलं, म्हणाली मी कशाला म्हणीन माझं घर, माझं कुठे होतं ते, भाड्याचं होतं आणि त्यातही सासूबाईंचं होतं. माझं म्हणून घर गोखलेनगरला झालं. आता हे ऐकल्यावर त्या एका शब्दाने केवढा फरक पडलाय बघा. सॉफ्टवेअरला माजघर माहीत नाही, ठीक आहे, हात फिरवणाऱ्याला तरी माहीत असायला नको का, पण बहुतेक तोही फ्लॅटमध्येच वाढलेला.

तरी या चुका परवडल्या असं म्हणायची वेळ आली जेव्हा भाषा वाचली. आजीचं ते पाणी नंतर दिसलं आधी वास आला, त्याचं पुस्तकात काय झालं माहितीये? "तो प्रलयंकारी दिवस आठवला की आजही अंगावर शहारे येतात. निसर्गाच्या रौद्र रूपापुढे माणूस किती हतबल असतो याची प्रचिती आम्हाला आली." संपलं. वास गेला, रॉकेल गेलं. आजीच्या अंगावर शहारे बिहारे काही आलेले नव्हते, मी समोर होते, ती शेंगा सोलत सांगत होती. आणि प्रचिती हा शब्द माझ्या आजीने ८१ वर्षांत एकदाही उच्चारला नसेल. अख्खं पुस्तक असं आहे. कष्टाचे डोंगर उपसले, संसाराचा गाडा ओढला, जिद्दीने परिस्थितीवर मात केली. कुठल्याही आजीचं नाव घातलं तरी चालेल. प्रकरणंसुद्धा साच्यातली, बालपण, विवाह, संसार, मुलांची यशोगाथा, कृतार्थ सायंकाळ. मला खात्री आहे की तुम्ही तुमच्या आजीचं करून घेतलंत तरी शेवटचं प्रकरण कृतार्थ सायंकाळच असणार.

आणि मुलांची यशोगाथा 22 पानं! काकाची डिग्री, काकाचं घर, काकाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन रंगीत फोटोसकट. शिवणकाम, जे आजीने सव्वीस वर्षं केलं आणि ज्यावर काकाची फी भरली गेली, ते दीड पान. आम्हाला पाहिजे होतं आत्मचरित्र आणि हातात आली गौरविका.

आता इथे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे की सगळा दोष कंपनीचा नाही. ड्राफ्ट मंजूर कोणी केला तर आम्हीच. पिठाचा डबा आणि देव हा किस्सा ड्राफ्टमध्ये होता, थोडा मवाळ करून पण होता. काकाने काढायला लावला, म्हणे आजीच्या देवभक्तीबद्दल गैरसमज होईल, लोक वाचणार आहेत. सासूबाई मागून आल्या तेही काढलं, कारण त्यांच्या माहेरच्यांना प्रती जाणार होत्या. कंपनीच्या माणसाला मी फोन केला तर तो बिचारा म्हणाला मॅडम, बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं करेक्शन आम्ही फायनल धरतो. धंदा म्हणून बरोबरच आहे त्याचं. पण मग आयुष्य आजीचं आणि करेक्शन काकाचं असं होतं, आणि आजीला कोणी विचारलंच नाही. म्हणजे मीसुद्धा नाही. फॉर्मवर सही पण बाबांची होती.

बरं पुस्तक जाऊ दे म्हटलं, रेकॉर्डिंग तर आहे. सहा तासांचं. म्हणून मेल केली की ओरिजिनल ऑडिओ पाठवा. उत्तर आलं की करारातल्या अमुक कलमानुसार पुस्तक दिल्यानंतर 60 दिवसांनी ऑडिओ फाइल्स सर्व्हरवरून काढून टाकल्या जातात, ग्राहकाच्या प्रायव्हसीसाठी. आम्ही 75व्या दिवशी मेल केलेली.

मी करार काढून बघितला. आहे. सातव्या पानावर, बारीक अक्षरात, आहे.

म्हणजे त्या पोरीचे ते प्रश्न, आजीची ती दोन मिनिटांची शांतता, देवाच्या फोटोमागचे आठ आणे, तो वास, सगळं गेलं. आणि सहा तासांचा आवाज ठेवायला जागा किती लागते म्हणता? मी हिशोब केला. सीडीच्या क्वालिटीचं वेव्ह फाइलमध्ये स्टिरिओ रेकॉर्डिंग धरलं तरी तासाला साधारण 635 एमबी होतं. सहा तासांचे चार जीबीसुद्धा भरत नाहीत. माझ्या फोनमध्ये गुड मॉर्निंगच्या फोटोंनी त्याहून जास्त जागा खाल्लीये. चार जीबी वाचवण्यासाठी पुसलं. किंवा प्रायव्हसीसाठी, पण मग आधी एक पेनड्राइव्ह आमच्या हातात द्यायला काय झालं होतं, 42,000 मध्ये बसला असता की.

आता ते स्टोरीकोर. हे मी रागाच्या भरात शोधलं. डेव्ह आयसे नावाच्या माणसाने 2003 साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभी केली, त्यात एकमेकांना ओळखणारी दोन माणसं जायची, आई-मुलगा, दोन मित्र, कोणीही, आणि 40 मिनिटं बोलायची. सोबत त्यांचा एक माणूस, मशीन सांभाळायला. झाल्यावर रेकॉर्डिंगची प्रत तुमच्या हातात, आणि तुमची परवानगी असेल तर एक प्रत थेट लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कायमची. बघा म्हणजे, ज्याच्या धर्तीवर म्हणून हे माहितीपत्रकात छापतात त्यात पुस्तक ही मुख्य गोष्ट नाहीच, मुख्य गोष्ट आवाज आहे, आणि यांनी नेमका तोच टाकून दिला.

आणि अमेरिकेपर्यंत जायची गरजच काय होती? इथे आपल्या पुणे जिल्ह्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी मुळशीसारख्या डोंगरी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक-दोन नाही, लाखावर ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर बायका. आधी वह्यांमध्ये उतरवून घेतल्या, पुढे 90च्या दशकात बर्नार बेल यांच्याबरोबर त्यातल्या काही हजार आवाजासकट रेकॉर्ड केल्या. आता ते काम पारीवर आहे, पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, फुकट आहे, मराठीत आहे, जरूर बघा. एक ओवी उघडली की गाणारीचं नाव, गाव, बऱ्याचदा फोटो, तिच्या संसाराची थोडी माहिती, आणि रेकॉर्ड केलेली असेल तर तिचा आवाज. शब्द जसे तिने म्हटले तसे. सावित्रीला सावितरी म्हटलं असेल तर सावितरीच. कोणी तिथे प्रचिती घातलेली नाही. मी एका रविवारी संध्याकाळी एक ओवी ऐकायला बसले आणि रात्रीचं जेवण करायचं राहिलं. मला ओव्यांमधलं काही कळत नाही पण मध्येच जात्याची घरघर येते, पलीकडे कोंबडं ओरडतं, गाणारी बाई मध्येच हसते, आणि ती बाई समोर बसल्यासारखी वाटते. आमच्या 112 पानांत आजी असं एकदाही समोर येऊन बसत नाही.

मग मी काय केलं, तर स्वतःच सुरू केलं. ऑफिसातल्या एकाकडे हातात मावणारा रेकॉर्डर होता तो मागून आणला. दोन पहिल्या बैठका वाया गेल्या, त्या का गेल्या ते सांगते म्हणजे तुमच्या जाणार नाहीत. पहिल्या वेळी पंखा चालू होता. कानाला जाणवत नाही हो, पण ऐकताना आजी हेलिकॉप्टरमधून बोलतेय असं वाटतं. मग कुकर. मग रेकॉर्डर टेबलावर ठेवलेला आणि आजी बोलताना टेबलावर बोटं आपटते, तर दर वाक्याला ढोल. आता मी खाली गोधडीची घडी ठेवते आणि रेकॉर्डर तिच्या तोंडापासून साधारण दीड वितीवर. फोनवर करणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बरोब्बर महत्त्वाच्या क्षणी क्रेडिट कार्डवाल्याचा फोन येतो. आणि फाइल घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे ओरिजिनल जशीच्या तशी जाते.

सुरुवातीला मी स्वतः तारीख, जागा, कोण कोण बसलंय ते बोलून घेते. हे बावळटासारखं वाटतं पण वीस वर्षांनी फाइलचं नाव कोणीतरी बदललेलं असेल तेव्हा आतलं तरी राहील. तीन प्रती ठेवल्यात, एक माझ्या लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक आतेभावाकडे नाशिकला. माझी आणि बाबांची दोन्ही घरं पुण्यातच आहेत, म्हणून तिसरी मुद्दाम बाहेर. आमच्या घराण्याला पुराचा अनुभव आहे.

दुसरी बैठक वाया गेली ती माझ्या तोंडामुळे. आजी म्हणाली की पाणी रात्री आलं. मी लगेच, नाही आजी, सकाळी धरण फुटलं, पाणी दिवसाच आलं ना. झालं, ती एकदम गप्प आणि मग म्हणाली तुला माहितीये तर तूच सांग. बरोबर आहे तिचं. नंतर मला लक्षात आलं की तिच्या आठवणीत अंधार आहे कारण दिवे गेलेले आणि पुढच्या कितीतरी रात्री अंधारात गेल्या, ते सगळं मिळून तिच्या डोक्यात पूर म्हणजे रात्र झालंय. तारीख-वेळ पेपरात मिळते. रात्र तिच्याकडेच मिळाली असती आणि मी ती दुरुस्त करायला गेले.

आणि परक्या माणसाला जास्त सांगते ते मी वर लिहिलंच. म्हणून आता माझी मैत्रीण येते दर पंधरा दिवसांनी, तिला आमच्या घरातलं काही माहीत नाही, नागपूरची आहे, पेठा कुठल्या कुठे तेही माहीत नाही, त्यामुळे आजी तिला हातवारे करून नकाशा समजावते. मी आत चहा करते आणि कान देते. तरी खरं सांगू का, पुराची गोष्ट तिने परत सांगितली ती त्या दिवसासारखी नाही सांगितली. वीस मिनिटांत आटोपली. म्हणाली सांगितलं की सगळं त्या मुलीला. पिठाचा डबा आला पण देव काय खायला घालणार हे आलंच नाही, मैत्रिणीने आडून विचारून पाहिलं तर आजी म्हणाली छे, मी असं कशाला म्हणीन. आता हे काकाने पुस्तकातून काढलं ते तिला कुणी सांगितलं म्हणून, की खरंच विसरली, की सून म्हणून बोलली होती आणि आता सासू म्हणून बोलतेय, काय माहीत. दीड तासाची ती एक बैठक परत होणार नाही, एवढंच आता कळलंय.

मध्ये एक वेगळाच प्रश्न आला. तिसऱ्या बैठकीत आजीने तिच्या धाकट्या बहिणीबद्दल काहीतरी सांगितलं आणि मग म्हणाली हे कुणाला ऐकवू नका. पुसू का विचारलं तर नाही म्हणाली, पुसू नको, राहू दे, आम्ही दोघी गेल्यावर ऐका. हे काम करणारे लोक असंच करतात म्हणे, सांगणाऱ्याला विचारून ठरवतात की हा भाग इतकी वर्षं बंद. मी ती फाइल वेगळी काढलीये, नावातच लिहिलंय. या वेळी विचारलं पण आजीला आणि सही पण आजीची, थरथरती आहे पण तिची आहे. कंपनीच्या फॉर्ममध्ये असा रकानाच नव्हता.

लिहून काढणं हा मात्र वैताग आहे, खोटं नाही बोलणार. एका तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला मला सहा-सात तास लागतात, सॉफ्टवेअरला घालून बघितलं तर परत बॉम्ब. म्हणून मी सगळं उतरवत नाही, वहीत नुसतं लिहून ठेवते की 12व्या मिनिटाला मशीनची खरेदी, 27ला सासूबाईंचं आजारपण, आणि जे शब्द कळणार नाहीत ते, माजघर, बंब, कणगी, चार टक्सचा ब्लाउज. हे कंपनीने करून दिलं असतं तरी मी खूश झाले असते, पुस्तक नसतं तरी चाललं असतं.

तर कोणी विचारलं की घ्यावी का अशी सर्व्हिस, तर मुलाखतीसाठी घ्या, खरंच, कारण ती कला आहे आणि ती आपल्याला घरच्यांना जमत नाही. पण पैसे भरायच्या आधी लेखी घ्या की प्रत्येक बैठक झाल्यावर त्याच दिवशी न कापलेला ऑडिओ आम्हाला मिळेल. त्याच दिवशी, नंतर नाही. आणि ड्राफ्ट आधी ज्याचं आयुष्य आहे त्याला वाचून दाखवा, बिल ज्याच्या नावावर आहे त्याला नंतर. नमुन्याची चार पानं मागा, त्यात संसाराचा गाडा दिसला की उठून या. मुलाखतीला पाचपैकी पाच, छपाईला चार (कागद खरंच छान आहे, फोटो सुंदर आलेत, आजीचा मशीनवर बसलेला एक फोटो तर मी फ्रेम केलाय), लिखाणाला एक, ऑडिओच्या बाबतीत शून्य.

तक्रार केल्यावर कंपनीने फोन केला, माजघराची चूक दुरुस्त करून पाच प्रती फुकट छापून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. ती मुलगी आता तिथे नाही असंही कळलं, नंबर द्यायला त्यांनी नकार दिला, तेही बरोबरच आहे, पण तिला सांगायचं होतं की आजी अजून विचारते, ती पंखा बंद करणारी पोरगी परत नाही का आली.

पुस्तक आजीकडे आहे. टीव्हीशेजारी ठेवते, त्यावर चष्म्याचं घर. मागच्या रविवारी मैत्रीण आली तेव्हा आजीने आपणहून पंखा बंद केला, गोधडीची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, कुठवर आलो होतो आपण, मशीनचा पट्टा तुटला तिथवर ना?